मांजर निर्दोष सुटलं

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगात डोकंही जमिनीला टेकवायचं असतं. पण माझं डोकं कुठे टेकवायचं आणि कुठे नाही, याचे आमच्या घरात सध्या कडक नियम आहेत, आणि जमीन त्यांत बसते की नाही ते आईला विचारायचं राहिलं. तेव्हा उरलेल्या सात अंगांवर भागवून घ्या.) तुमची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करते. गुडघा काय म्हणतोय? मामींना नमस्कार सांगा, आणि पत्र त्यांनी वाचायलाही हरकत नाही असं सांगा. कागदातून काही लागत नाही.

इकडे सगळे खुशाल. आईची कंबर सकाळी धरते, तेवढं सोडलं तर तिला काही नाही. दादा ऑफिसातून वेळेवर घरी येतो आणि वेळेवर झोपतो. वहिनीने बैठकीच्या खोलीला नवे पडदे शिवले. भाचीचा पुढचा दात पडला, त्यामुळे ती हल्ली हसताना तोंडावर हात धरते. मांजर तर असं गुबगुबीत झालंय की दृष्ट लागावी. राहिले मी. मीही खुशालच म्हणायची. फक्त जेवायला टेबलाच्या त्या टोकाला एकटी बसते, माझा टॉवेल गॅलरीत वेगळ्या खिळ्याला असतो, माझी उशी माझ्याखेरीज कुणी उचलत नाही, आणि भाचीच्या वेण्या, ज्या ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हापासून मीच घालत होते, त्या आता वहिनी घालते. (एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. पोरगी तशीच शाळेत जाते.) गेल्या वर्षी तुम्ही फोनवर 'लागण' म्हणालात. तो शब्द अजून आमच्या घरात ठाण मांडून बसलाय, आणि त्याला उठवणं माझ्याच्याने होत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही बोलता आणि आम्ही हं हं करतो, ही आपल्याकडची जुनी रीत. शिवाय दादा फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, आई शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावते, आणि माझी बोलायची पाळी येते तेव्हा तुमची जेवायची वेळ झालेली असते. पत्रात तुम्हाला मध्येच 'कळलं, कळलं' म्हणता येणार नाही. एवढ्या एकाच सोयीसाठी मी हा कागद घेऊन बसले आहे.

आपल्या घराण्यात आजारी पडायची एक खास पद्धत आहे. इतर लोक आजारी पडतात आणि डॉक्टरकडे जातात. आपण आजारी पडतो आणि मामांना विचारतो. तुमची उभी हयात जनावरांच्या दवाखान्यात गेली. गाई, घोडे, कुत्री, एकदा कुठल्याशा सर्कशीतला उंटसुद्धा तुमच्या हाताखालून गेला, आणि त्यांतल्या एकानेही कधी उलटून तक्रार केली नाही, यावर आईचा तुमच्यावरचा विश्वास उभा आहे. लहानपणी मला ताप आला की तुम्ही आईला माझं वजन विचारायचात आणि 'म्हणजे शेळीएवढी' असं म्हणून औषधाचं माप सांगायचात. मी शेळी होते, दादा वासरू होता. (वहिनीच्या मते तो अजून वासरूच आहे, पण तो विषय इथे नको.) आम्ही बरे व्हायचो हे खरं. ताप आपोआपही उतरतो, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या आईला अजून कळलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. मी चपलांच्या दुकानात बायकांच्या विभागात कामाला आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण तिथे मी नेमकं काय करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. मी बसते. वीतभर उंचीच्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या पायाशी. त्या बाई खुर्चीत, मी खाली. पाय मापायचा, टाच आत सरकवायची, पट्टा लावायचा आणि खाली मान घालून 'अंगठ्याला लागत नाही ना?' असं विचारायचं. म्हणजे सगळ्या शहरातल्या बायका वर्षानुवर्षं माझा टाळू बघत आल्या आहेत. माझा चेहरा त्यांना रस्त्यात ओळखू येणार नाही, पण भांग नक्की ओळखतील. त्यात आमच्या दुकानातले आरसे जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच. गिऱ्हाइकाने पाय बघावेत, वरचं बघितलं की मन खट्टू होतं आणि विक्री फसते, असं मालकांचं शास्त्र आहे. त्यामुळे माझ्या टाळूवर काय शिजतंय ते माझ्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. मला फक्त कळत होतं. खाज सुटायची, ऊन लागलं की आग व्हायची, कंगवा फिरवला की केसांची मुळं दुखायची. मी म्हणायची, कोंडा असेल. कोंड्याला कुणी घाबरतं का?

मग एक दिवस एक म्हाताऱ्या बाई आल्या. पाय सुजलेले, मऊ तळव्याचा जोडा हवा होता. मी खाली वाकून पट्टा लावतेय, तर वरून त्यांनी चष्मा सारखा केला आणि सबंध विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, तुला इथे मधोमध केसच नाहीत की! मला वाटलं भांग रुंद पाडलायस." सगळ्या खुर्च्या वळल्या. मी पट्टा लावला, दुसऱ्या पायातही घातला, चालून बघा म्हटलं. त्या चालल्या, छान आहे म्हणाल्या आणि न घेता गेल्या. (केस नसलेल्या बाईने घातलेला जोडा टिकत नसावा.) मी स्वच्छतागृहात जाऊन बोटांनी चाचपून पाहिलं. रुपयापेक्षा मोठं, गुळगुळीत, आणि कडेने बारीक खवले. एवढं सगळं माझ्याच डोक्यावर होतं आणि मला त्याची खबर एका परक्या बाईकडून कळत होती, याची मला फार लाज वाटली.

घरी आल्यावर दादाने खुर्चीवर उभं राहून मोबाइलमध्ये माझ्या डोक्याचा फोटो काढला आणि रीतीप्रमाणे तुम्हाला पाठवला. तुमचा फोन लगेच आला. "गजकर्ण. बुरशी आहे. वासरांना होतं, मांजरापासून येतं, एकापासून दुसऱ्याला लागण होते." तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत वहिनीने माझ्या मांडीवरून पोरीला उचललं. मी तिला दोष देत नाही. पण ती मांडी मामा, तेव्हापासून रिकामीच आहे. पुढे तुम्ही सगळी व्यवस्था सांगितलीत. वेगळा कंगवा, वेगळा टॉवेल, वेगळा साबण, चादरी उकळत्या पाण्यात, एक मलम दोन वेळा, आणि मलम नीट लागावं म्हणून आजूबाजूचे केस कातरून टाकायचे, जनावराचं करतात तसं. मी तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. जे केस नव्हते त्यांच्या औषधासाठी जे होते तेही मीच कात्री घेऊन उतरवले. आरशासमोर उभी राहून, हाताने चाचपत. किती शहाणी मुलगी, असं आई म्हणाली.

आता आरोपी शोधायची वेळ आली. लागण झाली म्हणजे कुणाकडून तरी झाली, आणि घरात जनावर एकच. त्यासाठी तुम्ही स्वतः आलात. गुडघा दुखत असताना, बस बदलून, हातात ती जुनी चामड्याची बॅग घेऊन. मला वाटलं माझं डोकं बघायला आलात. मी आपली केस बाजूला करून दारात उभी. तुम्ही मला 'कशी आहेस?' विचारलंत आणि मांजर कुठे आहे विचारलंत. मग बॅगेतून तो जांभळ्या उजेडाचा दिवा निघाला. बुरशी असली की त्या उजेडात हिरवी चमकते, असं तुम्ही सगळ्यांना समजावलंत. भरदुपारी वहिनीने पडदे ओढले, दादा मांजर मांडीवर घेऊन बसला, आई पाठीमागे उभी राहिली, आणि तुम्ही कानापासून शेपटापर्यंत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, त्या मांजराची अशी तपासणी केलीत की तशी आपल्या खानदानात आजवर एकाही माणसाची झालेली नाही. चमकला फक्त दादाचा बनियन. मांजर निर्दोष सुटलं. ते अंग झटकून नव्या सोफ्यावर जाऊन बसलं आणि कुणी त्याला उठवलं नाही.

मी दारातून म्हटलं होतं, मामा, एकदा माझ्याही डोक्यावर मारा की तो उजेड. आठवतंय का? तुम्ही दिवा पुसत म्हणालात, "तुझं निदान झालेलं आहे." आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी आजवर कितीदा वापरली असेल, पण पखालीची इतकी रीतसर तपासणी होऊन तिला सोडून देतात आणि रेडा दारात ताटकळत उभा असतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मांजर सुटल्यावर प्रश्न उरलाच होता, की मग हे आलं कुठून? तो तुम्ही चहा पिता पिता सोडवलात. "हिनेच बाहेरून आणलं असणार. दिवसभर लोकांच्या पायांशी बसते." इतकी वर्षं घरात कुणाला माझ्या नोकरीचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कामावरून आले की आई पायपुसणं दाराबाहेर ठेवते. (मी तुम्हाला उंटावरचा शहाणा म्हणत नाही. उंट तुम्ही खरोखरच तपासलेला आहे.)

पुढचे महिने मलमात गेले. मी फोनवर सांगायची, पसरतंय. तुम्ही सांगायचात, चालू ठेव. मी सांगायची, आग होते. तुम्ही सांगायचात, म्हणजे लागू पडतंय. दोन वेळाचं तीन वेळा झालं. दुकानात एक-दोन बायकांनी स्टुलावर दुसरी मुलगी मागून घेतली, तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यांनी काढून टाकलं नाही, उलट दुकानाच्या जाहिरातीची टोपी दिली. तिच्यावर पुढे भलामोठा बूट छापलेला आहे. म्हणजे आता मी डोक्यावर बूट घेऊन लोकांच्या पायांशी बसायला लागले. एखाद्याचा अपमान करायचाच म्हणून ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं, आणि हे तर त्या बिचाऱ्यांनी मायेने केलं होतं. टोपीत घाम, घामाने खाज. मग मालकांनी आणखी माया केली आणि मला मागच्या कोठारात खोकी लावायला पाठवलं. तिथे गिऱ्हाईक नाही, आरसा नाही, गुडघ्याएवढासुद्धा नाही. मी मापाप्रमाणे खोकी लावते. कुणाशी बोलावं लागत नाही. काम मी नीट करते, पण मला ते आवडत नाही. मला माणसांचे पाय आवडायचे. कुणाची टाच भेगाळलेली, कुणाची करंगळी दुमडलेली. पाय हातात घेतला की बाई आपोआप घरचं सांगायला लागायची.

एक दिवस कोठारात टोपी काढली तर आतल्या अस्तराला केसांचा पुंजका, आणि मुळाशी खपली. तेव्हा माझी भीड संपली. दुपारच्या सुट्टीत, घरात कुणाला न सांगता, चोरून परपुरुषाला भेटायला जावं तशी मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. खरं सांगते, जिना चढताना दोनदा मागे वळून पाहिलं. मामांना सोडून दुसऱ्याला डोकं दाखवणं म्हणजे आपल्या घरात घटस्फोटच की. बाई तरुण होत्या, फार बोलत नव्हत्या. भिंग लावून त्यांनी माझा टाळू असा बघितला जसं कुणी बारीक टायपातलं काही वाचतं. कडेचे दोन-चार केस ओढून पाहिले, अलगद उपटून आले. मग त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि टेबलाच्या खणातून काय काढलं असेल? तोच. तुमचा जांभळा दिवा. माझ्या डोक्यावर कुठेही काहीही हिरवं चमकलं नाही. नुसत्या उजेडावर मी विसंबत नाही, असं म्हणून त्यांनी टाळूचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला, एक टाका घातला. बुरशी त्यातही नव्हती. मांजर आणि मी, दोघंही निर्दोष. फक्त त्याचा निकाल लगेच लागला होता.

आजाराचं नाव लायकेन प्लॅनोपायलारिस. (नाव ऐकून मला वाटलं, असल्या नावाचे सँडल आमच्याकडे येतात.) बाईंनी समजावलं ते असं, की शरीराचे जे रखवालदार बाहेरच्या शत्रूंशी लढायचे, तेच केसांच्या मुळावर उठतात. मुळाभोवती दाह होतो, सूज येते, खवले धरतात, आग होते. दाह वेळेत शमवला तर मूळ वाचतं. नाही शमवला तर मूळ मरतं, तिथे व्रण धरतो, आणि व्रणातून केस उगवत नाही. कधीच नाही. हे कुणाकडून येत नाही, कुणाला जात नाही. मांजराकडून नाही, पायांकडून नाही, टॉवेलातून नाही, उशीतून नाही. हे शेवटचं मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग त्या म्हणाल्या की वर्षभर आधी आला असतात तर इथलं पुष्कळ वाचलं असतं. आधी उपचार कुणाचे होते, असंही विचारलं. मी म्हटलं, घरचे डॉक्टर आहेत. कुठे असतात? मी म्हटलं, मुख्यतः म्हशींत. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, त्यांनी माझ्यासमोर रुमालांची पेटी सरकवली, आणि मग मला रडू आलं. केसांसाठी रडले नाही वगैरे मोठं वाक्य मी लिहिणार नाही. केसांसाठीच रडले. मला माझे केस आवडायचे मामा. सगळ्या अंगात मला तेवढे एकच आवडायचे.

आता उपचारांचं ऐका, तुम्हाला व्यवसायाच्या दृष्टीने गंमत वाटेल. दर काही आठवड्यांनी त्या माझ्या टाळूत सुया टोचतात. एक नव्हे, चट्ट्याच्या कडेकडेने एकामागून एक, गादीला टाके घालावेत तशा. थोडं टोचेल, असं त्या म्हणतात. (डॉक्टरांचं 'थोडं' आणि आमच्या दुकानातलं 'चामडं आहे, सैल होईल' ही दोन्ही वाक्यं एकाच शाळेतली.) पहिल्या वेळी मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की नर्स म्हणाली, ताई, खुर्ची आमची आहे. शिवाय रात्री लावायचं एक औषध, आणि गोळ्या. त्या गोळ्या डोळ्यांना बाधू शकतात म्हणून डोळे तपासून घ्यायचे. केस सांभाळायला गोळी आणि गोळीपासून सांभाळायला डोळ्यांचा डॉक्टर. म्हणजे टक्कल पडलं तर ते स्वच्छ दिसावं, एवढी हमी आहे. पण उगाच नावं ठेवत नाही. आग थांबली. लाली उतरली. चट्ट्याची कड जिथे होती तिथेच आहे, पुढे सरकलेली नाही. गेले ते गेले, उरले ते टिकतील असं बाई म्हणतात. हे मी घरी आनंदाने सांगायला गेले, तिथेच चुकलं.

मी कागद टेबलावर ठेवले. दादाने सगळे वाचले, शांतपणे घडी घातली आणि विचारलं, "मामांना दाखवलंस?" मग तुम्हाला फोन. मोठ्या आवाजावर. मी गॅलरीच्या दारात, माझ्या टॉवेलाशेजारी उभी. दादाने तुम्हाला ते नाव अडखळत अडखळत वाचून दाखवलं, लागण नाही असं लिहिलंय हेही सांगितलं. मला वाटलं, आता मामा म्हणतील, मग लागण नाही. आता म्हणतील. आणि तुम्ही म्हणालात, "असेल. हल्ली नवी नवी नावं निघतात. पण घरात लहान मूल आहे, काळजी घेतलेली बरी." झालं. काळजी घेतलेली बरी, याला कोण काय बोलणार? न घेतलेली बरी असं कुणी म्हणतं का? आईने मान डोलावली. वहिनी पोरीला घेऊन आत गेली. ती वाईट नाही. मी कामावरून उशिरा आले की माझं ताट झाकून ठेवते. (माझंच, वेगळं.) ती घाबरते, आणि घाबरायला तिला तुम्ही सांगितलंय. माझ्या सांगण्याने तिची भीती जाणार नाही, डॉक्टरीणबाईंच्या कागदाने गेली नाही.

परवा सकाळी भाची माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. आत येत नाही, तिला तसं शिकवलंय. एक वेणी सुटलेली. तिथूनच म्हणाली, आत्या, तुझं बरं झालं की घालशील ना? आता तिला काय सांगू? माझं बरं होणार नाही, आणि तिला त्याचं काही होणार नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे आमच्या घरातल्या मोठ्यांना कळलं नाही, तर पुढचा दात पडलेल्या पोरीला कसं कळावं? मी म्हटलं, घालीन. ती तशीच सुटलेल्या वेणीने शाळेत गेली.

असो. फार लांबलं. तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तुम्ही वडीलधारे, तुम्ही जे केलंत ते आमच्या भल्यासाठीच केलंत, आणि माझ्या नशिबात हेच होतं असं समजून मी गप्प आहे. मला काही तक्रार करायची नाही की काही मागायचं नाही. सहज खुशाली कळवावी, म्हणून लिहिलं. गुडघ्याची हेळसांड करू नका. मामींना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक भाची
(हल्ली मुक्काम टेबलाच्या त्या टोकाला)

ता. क. मलमाच्या उरलेल्या नळ्या वेगळ्या पुडक्यातून पाठवत आहे. दोन तर उघडलेल्याही नाहीत. एखाद्या वासराला उपयोगी पडतील. वासराचं डोकं मात्र आधी बघून घ्या.

ता. क. वर 'मनात काही नाही' असं लिहिलंय ते खोटं आहे. ते पत्राच्या शेवटी लिहितात म्हणून लिहिलं. मनात खूप आहे. तुम्ही एका मांजरासाठी बस बदलून आलात आणि दारात उभ्या असलेल्या भाचीकडे मान वर करून बघितलं नाहीत. त्या दिवशी तो उजेड माझ्या डोक्यावर पडला असता तर काही दिसलं नसतं, आणि काही दिसत नाही म्हटल्यावर कदाचित तुम्ही म्हणाला असतात, मग हिला माणसांच्या डॉक्टरकडे न्या. कदाचित. मी तुमच्यावर फार चिडले आहे. तरीही आजारी पडले की पहिल्यांदा तुमचाच नंबर आठवतो, आणि त्याचा मला आणखी राग येतो.

ता. क. चुकलो असं म्हणायला मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही म्हणणार नाही, आणि म्हणालात तर आई कोलमडेल. तिने आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर भरवसा ठेवलाय. तेव्हा शास्त्र नको, निदान नको, त्या लांबलचक नावाचा उच्चारही नको. तुम्ही फक्त एक करा. येत्या रविवारी या, सगळे घरी असतात. बसा, पाणी प्या. मग मला हाक मारा, समोर बसवा, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या डोक्यावर हात ठेवा. भांगाच्या बाजूला नको. मधोमध, जिथे केस नाहीत तिथे. वहिनीचं नीट बघून होईपर्यंत उचलू नका. आणि मग तोच हात, न धुता, पोरीच्या गालावरून फिरवा. माझं कुणी ऐकत नाही, कागदाचं ऐकत नाहीत, तुमच्या हाताचं ऐकतील. केस परत द्या असं मी तुम्हाला म्हणत नाही आहे.

ता. क. येताना हातमोजे आणू नका.